प्राधान्य देता, मग उरलेल्यांचा विलंबही सांगा

इंटरनेटवरच्या काही ट्रॅफिकला पुढे जाऊ द्यावं की सगळ्यांना एकाच रांगेत उभं करावं, हा वाद वीस वर्षांहून जुना झाला. कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी 2003 मध्ये 'नेट न्यूट्रॅलिटी' (सगळ्या ट्रॅफिकला समान वागणूक) ही संज्ञा रूढ केली, तेव्हापासून नियम झाले, मोडले, पुन्हा झाले. अमेरिकेत 2015 साली पैसे घेऊन प्राधान्य देण्यावर बंदी आली, 2017 मध्ये ती उठवायचं ठरलं, 2024 मध्ये नियम परत आणले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केले. युरोपीय संघाने 2015 च्या नियमावलीत सरसकट भेदभाव नाकारला, पण 'विशेष सेवां'साठी, म्हणजे ज्यांना ठरावीक दर्जा लागतोच अशा, सामान्य इंटरनेटहून वेगळ्या सेवांसाठी, वाट मोकळी ठेवली. त्यातली एक महत्त्वाची अट: त्यामुळे इतर ग्राहकांच्या इंटरनेट सेवेचा सर्वसाधारण दर्जा खालावता कामा नये.

मला या सगळ्या वादात अडतं ते या अटीपाशी. दर्जा खालावला की नाही हे ठरवायचं कशावरून? प्राधान्य द्यावं की नको यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. पण दिलंच, तर कुणाचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) किती मिलिसेकंद लवकर पोचेल आणि त्यापायी दुसऱ्या कुणाचं किती उशिरा, हा हिशेब क्वचितच कुणी मागतं. वास्तविक हा हिशेब करता येतो. त्यातला काही भाग सत्तर वर्षांपूर्वीच कागदावर मांडून झाला आहे. माझं म्हणणं असं की प्राधान्याला सरसकट विरोध करायची गरज नाही, पण जो प्राधान्य देतो किंवा विकतो, त्याच्यावर दोन्ही रांगांच्या विलंबाचा अंदाज आणि मोजमाप जाहीर करण्याचं बंधन हवं. तो हिशेब देता येत नसेल तर प्राधान्य विकण्याचा हक्कही नको.

आधी राउटरमध्ये, म्हणजे पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या यंत्रात, नेमकं काय घडतं ते पाहू. बाहेर जाणाऱ्या एका लिंकवर एका वेळी एकच पॅकेट जातं. 1500 बाइटचं भरलेलं पॅकेट सेकंदाला 10 मेगाबिटच्या लिंकवरून बाहेर पडायला 1.2 मिलिसेकंद घेतं. तेवढ्या वेळात जी पॅकेटं येतील ती बफरमध्ये, म्हणजे राउटरच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबतात. प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्ता वगैरे असलेल्या सुरुवातीच्या भागात, सहा बिटांची एक खूण असते. 1998 च्या डिफसर्व्ह मानकाने या खुणेला अर्थ दिला, आणि तातडीच्या ट्रॅफिकसाठी 46 हा आकडा रूढ झाला. राउटर ती खूण पाहून पॅकेटला वेगळ्या रांगेत घालतो आणि लिंक मोकळी झाली की आधी त्या रांगेत डोकावतो. प्राधान्य म्हणतात ते एवढंच. त्याने लिंक रुंद होत नाही आणि तिच्यावरून जाणारे बिट जास्त वेगाने धावत नाहीत. बदलतो तो फक्त क्रम. शिवाय जे पॅकेट लिंकवर चढलं आहे ते सहसा मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे तातडीच्या पॅकेटलाही पुढचं सामान्य पॅकेट संपेपर्यंत थांबावंच लागतं.

रांगेच्या गणिताची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी केली. त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख 1909 चा. प्राधान्य असलेल्या रांगेत कोणत्या वर्गाला सरासरी किती थांबावं लागेल, याचं सूत्र ॲलन कॉबम यांनी 1954 मध्ये दिलं. आणि 1965 मध्ये लेनर्ड क्लाइनरॉक यांनी अक्षय्यतेचा नियम मांडला. माझ्या मते हा नियम या विषयावर मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. राउटर हातात काम असताना रिकामा बसत नसेल आणि रांग लावताना पॅकेटच्या लांबीकडे पाहत नसेल, तर प्रत्येक वर्गाचा भार (लिंकचा जेवढा हिस्सा तो व्यापतो) गुणिले त्याची सरासरी वाट (रांगेत थांबण्याचा वेळ), यांची बेरीज कायम राहते. क्रम कसाही लावा. एकाची वाट कमी झाली की ती दुसऱ्याच्या माथी गेलीच.

आकडे घालून पाहू. तीच 10 मेगाबिटची लिंक, सगळी पॅकेटं 1500 बाइटची, येण्याची वेळ यादृच्छिक, आणि लिंक 90 टक्के भरलेली. कुणालाच प्राधान्य नसेल तर प्रत्येक पॅकेट सरासरी 5.4 मिलिसेकंद थांबतं. आता लिंकच्या 20 टक्के इतक्या ट्रॅफिकला प्राधान्य दिलं. त्याची वाट 0.675 मिलिसेकंदांवर येते, आणि उरलेल्या 70 टक्क्यांची वाढून 6.75 होते. सौदा वाईट नाही: थोड्यांना मोठा फायदा, पुष्कळांना किरकोळ तोटा. पण प्राधान्य ही विकायची वस्तू झाली की वाटा 20 टक्क्यांवर थांबत नाही. तो 60 टक्के झाला की वरच्या रांगेची वाट 1.35 होते आणि खालच्या रांगेची 13.5. वाटा 80 टक्क्यांवर गेला की वरच्यांना 2.7 मिलिसेकंद आणि तळाशी उरलेल्या 10 टक्क्यांना 27. बेरीज मात्र तीच. 0.2 गुणिले 0.675 अधिक 0.7 गुणिले 6.75 करा, किंवा 0.8 गुणिले 2.7 अधिक 0.1 गुणिले 27 करा. दोन्ही वेळा 4.86 येतात, आणि 0.9 गुणिले 5.4 म्हणजेही तेच.

या आकड्यांत दोन गोष्टी एकाच वेळी घडताना दिसतात. प्राधान्य घेणारे वाढतात तसा प्रत्येकाला मिळणारा फायदा घटतो. ज्याने आधी पैसे भरले त्याची वाट 0.675 वरून 2.7 वर गेली, म्हणजे चौपट झाली, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. दुसरीकडे जे पैसे देऊ शकत नाहीत किंवा देऊ इच्छित नाहीत, त्यांची वाट 5.4 वरून 27 वर गेली. लिंक तीच, भार तोच, एकही जादा पॅकेट आलेलं नाही.

आता भार निम्म्यावर आणा. लिंक 50 टक्केच भरलेली असेल तर प्राधान्याशिवाय सरासरी वाट 0.6 मिलिसेकंद असते. 20 टक्क्यांना प्राधान्य दिलं तर त्यांची 0.375 होते. पाव मिलिसेकंदाहूनही कमी फरकासाठी कोण पैसे मोजेल? प्राधान्याला बाजारात किंमत येते ती लिंक तुंबलेली असते तेव्हाच. म्हणून प्राधान्य विकणाऱ्या कंपनीला लिंक रुंद करण्यात तोटा दिसू लागतो. कुणाच्या हेतूवर शंका घ्यायची गरज नाही. हिशेबच तसा आहे. गर्दी हटवली की विकायला काही उरत नाही. नियामकाची गरज इथे पडते, कारण बाजार आपोआप या कोंडीतून बाहेर पडेल असं मानायला आधार नाही.

तरीही प्राधान्य मुळातच गैर आहे, हे म्हणणं मला पटत नाही. फोनवरच्या आवाजाचं उदाहरण घ्या. जी.711 या जुन्या आणि साध्या पद्धतीत दर 20 मिलिसेकंदांना 160 बाइटचा आवाज निघतो. हेडर धरून पॅकेट 200 बाइटचं, आणि एका बाजूचं बोलणं सेकंदाला 80 किलोबिट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस सांगते की एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना संभाषणात अडथळा जाणवत नाही, आणि 400 ही जाळं आखताना ओलांडू नये अशी मर्यादा. म्हणजे आवाजाची गरज खरी आहे, मोजलेली आहे, आणि तिचा लिंकवरचा वाटा लहान आहे. त्यातून पॅकेटही लहान: 10 मेगाबिटच्या लिंकवर ते 0.16 मिलिसेकंदात निघून जातं. मागे थांबलेल्या मोठ्या पॅकेटला त्याचा फटका नगण्य. तातडीच्या कॉलसाठी, बचावपथकांच्या संपर्कासाठी मी असं प्राधान्य बेलाशक देईन. पण ते ज्या गणिताने समर्थनीय ठरतं त्यातच त्याची अट आहे: वाटा लहान राहिला पाहिजे. मर्यादा न घालता दिलेलं प्राधान्य काही दिवसांनी कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

इथवर मी सरासरीबद्दल बोललो, आणि सरासरीवर विसंबून करार करणं धोक्याचं आहे. कॉबम यांचं सूत्र पॅकेटं यादृच्छिक येतात असं धरून चालतं. खरं ट्रॅफिक झुंडीने येतं. बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधनसंस्थेतल्या संशोधकांनी इथरनेट या स्थानिक जाळ्यावरचं ट्रॅफिक वर्षानुवर्षं टिपलं आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की ते लहान कालावधीत पाहा की मोठ्या, चढउतार सपाट होत नाहीत. व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी 1995 मध्ये मोठ्या पल्ल्याच्या जाळ्यांतही हेच दाखवलं. याचा अर्थ सरासरी भार कमी असतानाही रांग अधूनमधून भरमसाट वाढते, आणि माणसाला जाणवतो तो नेमका तेवढाच भाग: कॉलमध्ये तुटलेला शब्द, गोठलेलं चित्र.

प्राधान्याच्या रांगेतही असं होतं का? होतं. समजा 50 कॉल एकाच राउटरमधून जातात. एकूण 4 मेगाबिट, म्हणजे 10 मेगाबिटच्या लिंकचा 40 टक्के भाग. सरासरीच्या भाषेत निवांत. पण त्या 50 कॉलची पॅकेटं एकाच क्षणी येऊन धडकली तर 80,000 बिट रांगेत उभे राहतात, आणि शेवटचं पॅकेट पूर्ण बाहेर पडेपर्यंत 8 मिलिसेकंद जातात. आधीच लिंकवर चढलेल्या मोठ्या पॅकेटचे 1.2 धरा, म्हणजे 9.2. अशा दहा राउटरमधून जायचं असेल तर दहाही ठिकाणी असंच घडल्यास 92 मिलिसेकंद केवळ रांगेत गेले, तेही वरच्या रांगेत. आवाज पॅकेटमध्ये भरायचा वेळ आणि तारेतलं अंतर अजून धरलेलंच नाही. त्यातही 92 हा आकडा उदार आहे, कारण एका राउटरमधून एकमेकांना चिकटून निघालेली पॅकेटं पुढच्या राउटरवर आणखी मोठ्या झुंडीने पोचू शकतात.

ही झुंड पुढे पुढे किती फुगू शकते, याचं उत्तर अ‍ॅना चार्नी आणि झाँ-इव्ह ल बुदेक यांनी 2000 साली दिलं. प्राधान्याच्या सगळ्या ट्रॅफिकला एकाच रांगेत घातलं आणि जाळ्याच्या रचनेबद्दल काहीच गृहीत धरलं नाही, तर विलंबाची खात्रीची वरची सीमा कधी सांगता येते? मार्गातल्या जास्तीत जास्त राउटरांच्या संख्येतून एक वजा करा आणि त्या आकड्याने 1 ला भागा; प्रत्येक लिंकवर प्राधान्याचा वाटा त्याहून कमी असेल तेव्हाच. दहा राउटर असतील तर एक नवमांश, म्हणजे जेमतेम 11 टक्के. त्यापलीकडे गेलात तर असंही जाळं रचून दाखवता येतं, जिथे विलंब तुम्ही म्हणाल त्या आकड्याच्या वर जातो. जाळ्याचा नकाशा ठाऊक असेल, आत शिरणाऱ्या प्रत्येक प्रवाहाला लगाम असेल तर याहून कितीतरी चांगली सीमा काढता येते. रेने क्रूझ यांनी 1991 मध्ये पाया घातलेलं नेटवर्क कॅल्क्युलस त्यासाठीच आहे. पण तो नकाशा आणि ते लगाम कंपनीकडेच असतात. ग्राहकाला 'खात्रीशीर कमी लेटन्सी' (लेटन्सी म्हणजे विलंब) हे दोन-तीन शब्द मिळतात, त्यामागचा वाटा आणि सीमा मिळत नाही. हा व्यवहार बरोबरीचा नाही.

मग स्वतःच मोजून पाहावं म्हटलं तर तेही सोपं नाही. पिंगचं, म्हणजे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते तपासणारं, पॅकेट बहुधा सामान्य रांगेतून जातं, त्यामुळे ते प्राधान्याच्या रांगेबद्दल काही सांगत नाही. मधल्या राउटरला पिंग केलं तर तो उत्तर द्यायचं काम सवडीने करतो, म्हणून आलेला आकडा त्या राउटरमधून जाणाऱ्या ट्रॅफिकचा नसतो. जाण्यायेण्याच्या वेळेचं अर्धं केलं तर एका दिशेचा विलंब मिळतो असंही नाही, कारण घराकडून बाहेर जाणारी बाजू सहसा अरुंद असते आणि रांग तिथेच साचते. एका दिशेचा विलंब मोजायला दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली लागतात. त्यासाठीचा ओवॅम्प हा प्रोटोकॉल 2006 पासून मानक म्हणून उपलब्ध आहे. म्हणजे साधनं आहेत, पण ती सेवा पुरवठादाराच्या हाती आहेत. म्हणूनच मोजमापाची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी लागेल. ग्राहकाने घरी बसून हे सिद्ध करावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

टक्केवारीतही फसगत होते. समजा प्रत्येक राउटर 99 टक्के पॅकेटं ठरलेल्या वेळेत पुढे पाठवतो. ऐकायला उत्तम. पण असे दहा राउटर एकापाठोपाठ असतील आणि त्यांची गर्दी एकमेकांवर अवलंबून नसेल, तर दहाही ठिकाणी वेळेत सुटणारी पॅकेटं सुमारे 90 टक्केच उरतात. दर दहातलं एक कुठे ना कुठे अडलेलं. म्हणून आकडा हवा तो टोकापासून टोकापर्यंतचा, एकेका राउटरचा नव्हे.

अमेरिकेत 2024 पासून मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांना योजनेसोबत एक माहितीपत्रक द्यावं लागतं आणि त्यात वेगाबरोबर 'सर्वसाधारण लेटन्सी' छापावी लागते. पाऊल योग्य दिशेने आहे, पण एक आकडा पुरेसा नाही. तो गर्दीच्या तासाचा शेपटाकडचा, म्हणजे सर्वांत उशिरा पोचणाऱ्या पॅकेटांचा, विलंब सांगत नाही आणि दोन रांगांमधला फरकही सांगत नाही. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की मोबाइल नेटवर्कच्या मानकांत याहून नेमकी भाषा आधीच आहे. 5जीच्या मानकात प्रत्येक सेवाप्रकाराला विलंबाची मर्यादा ठरवलेली आहे. बोलण्यासाठी 100 मिलिसेकंद. हमी असलेल्या प्रवाहातली 98 टक्के पॅकेटं त्या मर्यादेत पोचली पाहिजेत असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आणि ज्यांना बँडविड्थची हमी नाही त्यांच्यासाठी ही 98 टक्क्यांची अपेक्षा गर्दी नसतानाची आहे. गर्दीत पॅकेटं अडतील, गळतील, याची तयारी ठेवा असंही तेच मानक सांगतं. अभियंते आपसात इतकं स्वच्छ बोलतात. मग हीच वाक्यं ग्राहकाच्या करारात का नसावीत?

यावर नेहमीचा आक्षेप असा की लिंक आता इतक्या वेगवान आहेत की रांगेचा विलंब ही जुनी चिंता झाली. मधल्या जाळ्यापुरतं ते खरं आहे. 100 गिगाबिटच्या लिंकवर 1500 बाइटचं पॅकेट 0.12 मायक्रोसेकंदात जातं. पण रांग साचते ती कडेला: घराच्या अपलिंकवर (बाहेर जाणाऱ्या लिंकवर), वाय-फायवर, गर्दीच्या मोबाइल टॉवरवर. 10 मेगाबिटच्या अपलिंकपुढे 1 मेगाबाइटचा बफर भरला की शेवटचं पॅकेट 0.8 सेकंद अडकतं. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमाराला या दुखण्याकडे लक्ष वेधलं आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव मिळालं. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये कोडेल ही पद्धत सुचवली: पॅकेट रांगेत किती वेळ थांबतं ते पाहायचं, आणि ती वाट 100 मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही 5 च्या खाली उतरली नाही तर पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायला लागायचं. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी तिची पुढची आवृत्ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. या पद्धतीत कुणी पैसे भरून पुढे जात नाही. मोठं डाउनलोड आणि लहान कॉल एकमेकांच्या आड येत नाहीत, एवढंच. जो फायदा प्राधान्य म्हणून विकला जातो त्यातला बराचसा असा सगळ्यांना देता येतो. म्हणून प्राधान्य विकू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की तुमच्या कडेच्या लिंकवर अशी रांग-व्यवस्था लावलेली आहे का. नसेल, तर आधी ती लावा.

दुसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. जाळ्याचा नकाशा गुपित असू शकतो, हे मान्य. मी नकाशा मागतच नाही. मागतो आहे तो गर्दीच्या तासात प्राधान्याच्या रांगेला लिंकचा किती वाटा मिळू शकतो त्याची कमाल मर्यादा. दोन्ही रांगांमधला टोकापासून टोकापर्यंतचा विलंब, 50, 98 आणि 99.9 टक्के पॅकेटं किती वेळात पोचतात या रूपात. आणि तो विलंब त्या त्या रांगेची खूण असलेल्या पॅकेटांनीच मोजलेला असावा ही अट. अंदाज कोणतं गृहीतक धरून काढला तेही सोबत लिहावं, म्हणजे पुढे मोजमापाशी तो ताडून पाहता येईल. अंदाज चुकला म्हणून शिक्षा नको. चुकल्याचं कळूनही वाटा वाढवत नेला, तर मात्र परवाना अडचणीत यायला हवा.

युरोपच्या त्या अटीला मग प्रत्यक्षात काही अर्थ येईल. विशेष सेवा सुरू होण्याआधी सामान्य रांगेत गर्दीच्या तासाला 98 टक्के पॅकेटं किती वेळात पोचत होती, आणि सुरू झाल्यावर किती वेळात पोचतात, हे दोन आकडे शेजारी ठेवले की 'सर्वसाधारण दर्जा' खालावला की नाही हे वकिलांच्या युक्तिवादावर सोडावं लागणार नाही. पहिला आकडा आणि दुसऱ्याचा अंदाज हाती आल्याशिवाय नियामकांनी एकाही नव्या विशेष सेवेला वाट देऊ नये, आणि ज्या सेवा आज चालू आहेत त्यांच्याकडून मोजलेले आकडे दर तिमाहीला मागवून घ्यावेत.